गुडघ्यातील कूर्चा आणि बिलातील आकडा

आपल्या मराठी भाषेने गुडघ्याची थट्टा पुष्कळ केली आहे. उतावळ्या नवऱ्याच्या गुडघ्याला तिने बाशिंग बांधले, आणि ज्याला समज कमी त्याची अक्कल तिने गुडघ्यात नेऊन ठेवली. पण तोच गुडघा दुखावला म्हणजे थट्टा संपते. कबड्डीत पाय रोवून अंग वळवलेला गडी मटकन खाली बसतो आणि म्हणतो, "आत काहीतरी अडकलंय, पाय सरळच होईना." पुष्कळदा अशा वेळी गुडघ्यातली कूर्चा फाटलेली असते. मग तालुक्याचे डॉक्टर शहराकडे पाठवतात, शहरातले डॉक्टर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करतात, आणि घरी येताना रोग्याच्या हातात औषधांच्या यादीबरोबर एक बिल येते.

आज मला बोलायचे आहे ते या बिलाविषयी. गुडघा बरा कसा करावा हे डॉक्टरांनी सांगावे. मी इतिहास शिकवणारा माणूस. परंतु बिलालाही इतिहास असतो, आणि तो वाटतो तितका रुक्ष नाही. या इतिहासाची पुष्कळशी पाने अमेरिकेत लिहिली गेली, म्हणून आपल्याला तिकडे जावे लागेल. त्या देशात डॉक्टरने दुर्बिणीतून फाटलेली कूर्चा छाटली, तर बिलात २९८८१ हा आकडा पडतो. तीच कूर्चा त्याने टाके घालून शिवली, तर २९८८२ पडतो. शेवटच्या एका अंकाचा फरक, पण एकाचा अर्थ छाटणे आणि दुसऱ्याचा अर्थ सांधणे.

आकड्याने काम ओळखण्याची ही रीत आपल्याला अगदीच परकी आहे असे मात्र नाही. सातबारा म्हणजे काय? गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. नमुन्यांची मूळ नावे कोणाच्या लक्षात राहिली नाहीत, आकडेच नाव होऊन बसले. आणि सातबाऱ्यावर चुकीची नोंद पडली म्हणजे काय होते, हे खेड्यातल्या माणसाला मी सांगायला नको. कसतो एक, आणि कागद बोलतो दुसऱ्याचे! गुडघ्याच्या बिलाची गोष्टही याच वळणाची आहे.

आधी ही कूर्चा म्हणजे काय ते पाहू. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जिथे भेटतात, तिथे दोन्हींच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चिवट गाद्या असतात, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या बाजूला. डॉक्टर त्यांना मेनिस्कस म्हणतात. अंगाचा भार त्या पसरून घेतात आणि हाडावर हाड घासू देत नाहीत. पंपाच्या जोडात जसा वायसर, तशीच ही गादी. वायसर झिजला तर नवा आणता येतो, ही मात्र जन्मभर एकच पुरवायची असते.

ही साधी गोष्ट वैद्यकाला उमगायला फार काळ लागला. १८८३ साली स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे टॉमस अॅनंडेल नावाच्या शस्त्रवैद्याने एका खाणकामगाराचा गुडघा उघडला आणि जागेवरून सुटलेली कूर्चा टाके घालून परत जागी बसवली. पुढे १८८५ साली त्यांनी ही हकीकत प्रसिद्ध केली. कूर्चा शिवल्याचा हा पहिला दाखला मानतात. म्हणजे शिवण्याची कल्पना आधी आली. पण ती रुजली नाही. त्या शतकाच्या अखेरीस शरीरशास्त्राच्या मोठ्या जाणकारांतही असे मत होते, की ही कूर्चा म्हणजे पायाच्या एका जुन्या स्नायूचा निरुपयोगी अवशेष आहे. निरुपयोगी म्हटल्यावर ती सांभाळायची कशाला? फाटली की काढून टाकावी, अशी रीत पडली, आणि ती अर्धशतकाहून अधिक काळ चालली.

१९४८ साली इंग्लंडमधील फेअरबँक या डॉक्टरांनी कूर्चा काढलेल्या गुडघ्यांची क्ष-किरण चित्रे तपासली. त्यांना त्या सांध्यांत हाडांच्या कडा वाढलेल्या, सांध्यातील फट अरुंद झालेली, हाड सपाट होऊ लागलेले दिसले. गादी गेली आणि भार थेट हाडांवर आला, असा त्याचा अर्थ. तरुणपणी सुटका झाल्यासारखी वाटते, पण झीज मागाहून येते.

त्यानंतरचे पाऊल जपानने टाकले. टोकियोचे केंजी ताकागी यांनी १९१८ साली मूत्राशय पाहण्याच्या नळीने मृत देहाच्या गुडघ्यात डोकावून पाहिले होते. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी खास सांध्यासाठी एकामागून एक दुर्बिणी बनवल्या. त्यांतील एकविसाव्या क्रमांकाची दुर्बीण जगभर प्रसिद्ध झाली. १९६२ च्या मे महिन्यात वातानाबे यांनी एका सतरा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्यातील कूर्चेचा फाटलेला भाग दुर्बिणीतून पाहत काढला. सांधा उघडावा लागला नाही, लहानशी छिद्रे पुरली. १९६४ साली टोकियोला आलेले कॅनडाचे डॉक्टर रॉबर्ट जॅक्सन ही विद्या शिकून परत गेले, आणि उत्तर अमेरिकेत ती पसरली. १९६९ साली टोकियोतच हिरोशी इकेउची यांनी दुर्बिणीतून कूर्चा शिवून दाखवली. पुढे १९८२ साली आर्नोत्स्की आणि वॉरन यांनी कूर्चेला रक्त कोठून मिळते ते नीट दाखवून दिले. रक्त पोहोचते ते फक्त बाहेरच्या काठाला. म्हणून काठाजवळची फाट शिवली तर जुळण्याची आशा अधिक, आतल्या पातळ कडेची फाट सहसा जुळत नाही. कोणती फाट शिवावी आणि कोणती छाटावी, हा विवेक असा शंभर वर्षांत घडला.

आता दुसरा धागा हाती घेऊ, आकड्यांचा. त्याची सुरुवात रोग्यांपासून नव्हे, मृतांपासून झाली. लंडन शहरात मृत्यूंच्या याद्या छापत असत. जॉन ग्राँट नावाच्या एका व्यापाऱ्याने १६६२ साली त्या याद्यांचा अभ्यास करून पुस्तक लिहिले. कोण कशाने मेला हे मोजायचे, तर रोगाला सगळीकडे एकच नाव हवे. एका गावात जे 'वारे', दुसऱ्यात तेच 'झटका', असे झाले तर मोजणार काय? १८९३ साली पॅरिस शहराचे संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियाँ यांनी मृत्यूच्या कारणांची एक क्रमवार यादी शिकागो येथील परिषदेत मांडली. अनेक देशांनी ती स्वीकारली. १९४८ साली तिची सहावी आवृत्ती जागतिक आरोग्य संघटनेच्या हाती आली, आणि तीत मृत्यूच्या कारणांबरोबर जिवंत माणसांचे रोग आणि दुखापतीही आल्या. मोडलेल्या हाडाला आणि फाटलेल्या कूर्चेला आकडा मिळाला तो या वाटेने.

पण रोगाचा आकडा निराळा आणि कामाचा आकडा निराळा. रोगाचा आकडा जन्मला मोजण्यासाठी, कामाचा आकडा जन्मला पैसे देण्यासाठी. त्याच्या मुळाशी, शिक्षक बंधुभगिनींना ऐकून नवल वाटेल, शाळामास्तर आहेत! १९२९ साली टेक्सास राज्यातील डॅलस शहरात बेलर इस्पितळाने शिक्षकांसाठी एक योजना काढली. महिन्याला पन्नास सेंट, म्हणजे अर्धा डॉलर, भरायचा आणि गरज पडल्यास वर्षात एकवीस दिवसांपर्यंत इस्पितळात राहण्याची सोय मिळवायची. हजाराहून अधिक शिक्षक तीत सामील झाले. अमेरिकेतील ब्लू क्रॉस या मोठ्या आरोग्य विम्याचे मूळ या योजनेत सांगतात.

विमा आला आणि देवघेवीत तिसरा माणूस आला. पूर्वी रोगी आणि डॉक्टर समोरासमोर असत. डॉक्टर काय करतो ते रोगी पाहत असे आणि ऐपतीप्रमाणे पैसे देत असे. विमा देणारा मात्र दूरच्या कचेरीत बसलेला. त्याने गुडघाही पाहिलेला नाही आणि टाकाही. त्याला कळणार ते कागदावरून. कागद शेकडो डॉक्टरांचे, प्रत्येकाची भाषा आणि अक्षर वेगळे. तेव्हा कामांची एकच यादी असणे भाग पडले. १९५६ साली कॅलिफोर्नियातील डॉक्टरांच्या संघटनेने कोणत्या कामाला किती मोल, याची तुलनात्मक यादी केली. १९६५ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी वृद्धांसाठी मेडिकेअर या सरकारी विम्याच्या कायद्यावर सही केली, आणि १९६६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने शस्त्रक्रिया व तपासण्यांचे संकेतांक पुस्तकरूपाने काढले. त्या पुस्तकाला सीपीटी म्हणतात. प्रथम आकडे चार अंकी होते, १९७० च्या आवृत्तीत ते पाच अंकी झाले. १९८३ साली मेडिकेअरने हीच यादी आपल्या बिलांसाठी घेतली. सरकारच घेते म्हटल्यावर खाजगी कंपन्याही त्याच वाटेने गेल्या.

राहिला प्रश्न मोलाचा. टाका घालण्याचे मोल किती? हार्वर्ड विद्यापीठातील विल्यम शाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी मोठा अभ्यास केला, आणि १९९२ पासून मेडिकेअरचे दर त्या पायावर ठरू लागले. प्रत्येक आकड्याच्या मोलाचे तीन भाग केले. पहिला डॉक्टरच्या श्रमाचा, त्यात वेळ, कौशल्य आणि मनावरचा ताण हे सर्व आले. दुसरा दवाखान्याच्या खर्चाचा. तिसरा, चूक झाल्याबद्दल कोणी फिर्याद केली तर, त्या विम्याचा. या हिशेबात शिवण्याला छाटण्यापेक्षा जास्त मोल मिळाले. ते वाजवीच आहे. फाटके वस्त्र कात्रीने कापणे आणि रफू करणे यांत जो फरक, तोच येथे आहे.

आता एक प्रत्यक्ष बिल मनात आणा. एका तरुणाचा उजवा गुडघा खेळताना पिरगळला आणि आतली कूर्चा बादलीच्या कडीसारखी फाटून मधे अडकली. प्रथम रोगाचा आकडा. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून दहाव्या आवृत्तीची यादी लागू झाली. तीत या दुखापतीला एस८३.२११ए असे लिहितात. त्यात आतली कूर्चा आली, बादलीच्या कडीसारखी फाट आली, दुखापत ताजी असल्याचे आले, उजवा गुडघा आला, आणि शेवटच्या 'ए'ने अजून मुख्य उपचार चालू असल्याचेही सांगितले. जुन्या यादीत ८३६.० एवढाच आकडा होता. उजवा की डावा, हे त्यात नव्हते. जुन्या यादीत सुमारे १४ हजार आकडे होते, नवीत ६८ हजारांहून अधिक झाले. ताज्या फाटीचे घर एक आणि जुन्या, झिजून झालेल्या फाटीचे घर दुसरे, असा भेदही यादी करते.

मग कामाचा आकडा. एक कूर्चा शिवली तर २९८८२, आतली व बाहेरची दोन्ही शिवल्या तर २९८८३. एक छाटली तर २९८८१, दोन्ही छाटल्या तर २९८८०. गुडघा मोकळा उघडून शिवली असेल तर २७४०३. टाके तीन घातले काय नि आठ घातले काय, आकडा तोच. शस्त्रक्रियेपूर्वी दुर्बिणीने सांधा नुसता पाहिला, त्याचे वेगळे पैसे मागता येत नाहीत. घर शाकारणाऱ्याने शिडीवर चढण्याची मजुरी निराळी मागू नये, तसेच हे. मेडिकेअरच्या नियमाने शस्त्रक्रियेनंतरच्या ९० दिवसांतली डॉक्टरची नेहमीची तपासणीही त्याच रकमेत येते.

जिथे आकड्याला पैसा लागला, तिथे तंटाही आला. एकाच कामाचे तुकडे करून प्रत्येकाचे वेगळे बिल लावण्याची सवय वाढली. तिला आळा घालण्यासाठी मेडिकेअरने १९९६ पासून कोणते आकडे एकत्र चालतील आणि कोणते नाहीत, याची तपासणी सुरू केली. एकाच कूर्चेचा थोडा भाग छाटला आणि उरलेला शिवला, तर दोन्हींचे पैसे मागता येत नाहीत. आतली छाटली आणि बाहेरची शिवली, तर येतात, पण तसा खुलासा जोडावा लागतो. गुडघ्यातील हाडांवरचे खरबरीत झालेले आवरण गुळगुळीत करण्याचे काम छाटण्याच्या आकड्यासोबत पूर्वी वेगळे लावत असत. २०१२ पासून ते छाटण्यातच धरू लागले. आणि जाणूनबुजून हलक्या कामाचा भारी आकडा लावला तर त्याला आधार आहे १८६३ सालच्या कायद्याचा. अमेरिकेतील यादवी युद्धात सैन्याला निकृष्ट माल पुरवणाऱ्या ठेकेदारांसाठी लिंकनच्या काळी झालेला तो कायदा आज खोट्या बिलांनाही लागतो!

या तंट्यात आपल्याकडची मुलेही बसलेली आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पुणे, नवी मुंबई अशा शहरांत अमेरिकेतील इस्पितळांचे कागद वाचून त्यांना आकडे देण्याचे काम चालते. माझा एक विद्यार्थी, खेड्यातून आलेला, शास्त्राचा पदवीधर, असे काम करतो. सुटीत भेटला तेव्हा त्याने एक प्रसंग सांगितला. शस्त्रक्रियेच्या टिपणाचा मथळा होता 'कूर्चा शिवणे'. त्याने खालचा मजकूर ओळीने वाचला. फाट पाहिली, कडा छाटल्या, सांधा धुतला, एवढेच लिहिले होते. दोरा नाही, टाका नाही, गाठ नाही. वरचा म्हणाला, मथळा आहे ना, लाव २९८८२ आणि पुढचा कागद घे. हा म्हणाला, "मजकुरात जे नाही ते मी कसे लावू?" नियमही हेच सांगतो, की आकडा मथळ्यावरून नव्हे, केलेल्या कामाच्या वर्णनावरून लावायचा. त्याने डॉक्टरांकडे लेखी पृच्छा पाठवली. चार दिवसांनी उत्तर आले, की शिवण्याचे योजले होते, पण आत गेल्यावर फाट शिवण्याजोगी दिसली नाही, म्हणून छाटली. २९८८१ लागला.

मी त्याला विचारले, "चार डॉलर इकडचे तिकडे झाले, त्यात एवढे काय?" तो म्हणाला, "सर, प्रश्न डॉलरचा नाही. दहा वर्षांनी त्या माणसाचा गुडघा दुखू लागला, तर पुढचा डॉक्टर हाच कागद बघणार. कूर्चा आत शिवलेली आहे असं समजून चालेल, आणि ती तर तिथं नाहीच." मी पंचवीसेक वर्षे इतिहास शिकवतो आहे. मूळ कागदाची किंमत इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आली नव्हती.

मात्र आकड्याला एक मोठी मर्यादा आहे, ती सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. काय केले हे आकडा सांगतो. ते करायला हवे होते का, हे तो सांगत नाही. २००२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे मोसली आणि सहकाऱ्यांनी संधिवाताने झिजलेल्या गुडघ्यांच्या १८० रोग्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींचा गुडघा दुर्बिणीतून धुतला वा साफ केला, काहींच्या कातडीवर नुसते छेद घेतले. गुण दोघांनाही सारखाच वाटला. २००४ साली मेडिकेअरने झिजलेल्या गुडघ्याच्या नुसत्या धुण्याचे पैसे देणे बंद केले. २०१३ साली फिनलंडमधील डॉक्टरांनी झिजेने फाटलेल्या कूर्चेचे १४६ रोगी घेऊन तसाच प्रयोग केला. वर्षानंतर पाहता कूर्चा छाटलेले आणि छाटल्याचा केवळ देखावा केलेले, यांत फरक आढळला नाही. ध्यानात घ्या, ही गोष्ट वयाने झिजलेल्या कूर्चेची. खेळात ताजी फाटून अडकलेली कूर्चा निराळी. पण इतकी वर्षे त्या कामाला आकडा होता, दर होता, बिले बिनचूक जात होती. हिशेब बरोबर असला म्हणजे व्यवहार बरोबर असतोच असे नाही.

आता आपल्या अंगणात येऊ. आपल्याकडे २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. २०१८ साली केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. या योजनांतही प्रत्येक उपचाराला ठरलेले नाव, ठरलेला क्रमांक आणि ठरलेली रक्कम असते. म्हणजे तिसरा माणूस आपल्याही दारात आला आहे, आणि तो आपला गुडघा पाहत नाही, कागद पाहतो.

म्हणून शस्त्रक्रियेनंतर घरी येताना एवढे करावे. नुसते बिल घेऊन समाधान मानू नये, शस्त्रक्रियेचे टिपण मागून घ्यावे. आपल्या भाषेत विचारावे, "डॉक्टरसाहेब, माझी कूर्चा शिवली की छाटली? उजव्या पायाची की डाव्या? आतली की बाहेरची?" यात संशय घेण्यासारखे काही नाही, चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. शिवली असेल तर काही आठवडे कुबडी आणि पुढे महिनोन्महिने जपणूक लागते. छाटली असेल तर माणूस लवकर चालू लागतो. म्हणजे उत्तरावर शेतीची कामेही ठरतात. वाचता न येणाऱ्या शेजाऱ्याचा कागद शिक्षकाने वाचून दाखवावा आणि सातबाऱ्याच्या पिशवीतच तो जपून ठेवायला सांगावे.

अॅनंडेलने १८८३ साली टाका घातला तेव्हा त्या कामाला आकडा नव्हता, तरी टाका खरा होता. आज आकडा आहे. त्याच्यामागे टाकाही आहे ना, एवढे आपण पाहिले पाहिजे.